मानवी लोकसंख्यावाढ आणि पर्यावरण

मानवी लोकसंख्यावाढ म्हणजे एखाद्या प्रदेशातील अथवा संपूर्ण पृथ्वीवरील माणसांच्या संख्येत विशिष्ट कालावधीत होणारी वाढ होय. जागतिक पातळीवर ही वाढ केवळ जन्मदर व मृत्युदर यांतील फरकावर अवलंबून असते; राज्य, जिल्हा किंवा शहर यांच्या बाबतीत तीत स्थलांतराची भर पडते. वाढत्या संख्येला अन्न, पाणी, निवारा व ऊर्जा पुरवताना जमीन, जलस्रोत, वने, हवा आणि इतर सजीवसृष्टी यांवर जो भार पडतो, त्याचा अभ्यास लोकसंख्याशास्त्र, पर्यावरणशास्त्र, भूगोल आणि अर्थशास्त्र या शाखा एकत्रितपणे करतात.

मराठी शाळांत हा विषय कित्येक पिढ्यांनी निबंधातून शिकला. ‘लोकसंख्येचा भस्मासुर’ या शीर्षकाखाली जंगलतोड, टंचाई, बेकारी आणि प्रदूषण या सर्वांचे खापर माणसांच्या वाढत्या संख्येवर फोडण्याची रीत त्यातून रुजली. प्रत्यक्षात पर्यावरणावरील भार किती माणसे आहेत यावर जसा अवलंबून असतो, तसाच ती माणसे किती व काय वापरतात आणि कोणत्या पद्धतीने उत्पादन करतात यांवरही असतो. संख्येचा वाटा कोठे मोठा आहे आणि कोठे ती केवळ पुढे केली जाणारी सबब आहे, हे प्रत्येक प्रकरणी वेगवेगळे तपासावे लागते.

जागतिक लोकसंख्येचा इतिहास

शेतीचा शोध लागण्यापूर्वी पृथ्वीवरील माणसांची एकूण संख्या काही दशलक्षांपलीकडे नसावी, असे मानले जाते. इ.स. १८०० च्या सुमारास ती १ अब्ज झाली. दुसरा अब्ज पूर्ण होण्यास सव्वाशे वर्षे लागली; तो टप्पा १९२७ च्या आसपास गाठला गेला. पुढचे टप्पे मात्र जवळजवळ येत गेले. १९६० मध्ये ३ अब्ज, १९७४ मध्ये ४ अब्ज, १९८७ मध्ये ५ अब्ज, १९९९ मध्ये ६ अब्ज, २०११ मध्ये ७ अब्ज आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार १५ नोव्हेंबर २०२२ रोजी ८ अब्ज. दरवर्षी ११ जुलै रोजी पाळला जाणारा ‘जागतिक लोकसंख्या दिन’ हा १९८७ मधील ५ अब्जांच्या टप्प्याची आठवण आहे.

माणसे पूर्वीपेक्षा अधिक मुले जन्माला घालू लागली म्हणून ही वाढ झाली, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. जन्म फारसे वाढले नव्हते. मृत्यू घटले होते. देवीची लस, शुद्ध पाण्याचा पुरवठा, सांडपाण्याची व्यवस्था, हिवतापावरील नियंत्रण, प्रतिजैविके आणि दुष्काळात धान्य पोहोचवू शकणारी रेल्वे यांमुळे बालमृत्यू व साथींतील मृत्यू झपाट्याने कमी झाले. ज्या घरात पूर्वी सहा अपत्यांपैकी दोन-तीन मोठी होत, त्या घरात आता पाच जगू लागली. जन्मदर मात्र लगेच उतरला नाही. मुले जगतात याची खात्री पटायला, मुलींनी शाळेत जायला आणि संततिनियमनाची साधने हाती यायला एक-दोन पिढ्या जाव्या लागल्या. या दोन दरांमधील अंतराच्या काळातच लोकसंख्या फुगते. हा टप्पा ओलांडून जन्मदरही खाली येतो व वाढ मंदावते, या संपूर्ण प्रक्रियेस ‘लोकसंख्या संक्रमण’ म्हणतात. युरोपात तिला दीड-दोन शतके लागली. आशिया व लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत ती त्याच्या निम्म्याहून कमी काळात घडली आणि म्हणून वाढीचा वेगही अधिक राहिला.

जागतिक वाढीचा वार्षिक दर १९६० च्या दशकात २ टक्क्यांच्या वर गेला होता. आज तो १ टक्क्याच्या खाली आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकाच्या मध्यास सुमारे १०.३ अब्जांवर पोहोचेल व नंतर हळूहळू घटू लागेल.

भारतातील लोकसंख्यावाढ

भारतात पहिली जनगणना १८७२ मध्ये, तर संपूर्ण देशात एकाच वेळी घेतलेली पहिली जनगणना १८८१ मध्ये झाली. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. आजच्या सीमांनुसार ती २५.२१ कोटींवरून २५.१३ कोटींवर आली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने घेतलेले बळी हे त्याचे प्रमुख कारण होते. त्यानंतर मात्र प्रत्येक जनगणनेत संख्या वाढतच गेली, म्हणून १९२१ या वर्षास लोकसंख्याशास्त्रज्ञ ‘महाविभाजन वर्ष’ म्हणतात. १९५१ मध्ये ३६.११ कोटी, १९८१ मध्ये ६८.३३ कोटी, २००१ मध्ये १०२.८७ कोटी आणि २०११ मध्ये सुमारे १२१ कोटी असा हा प्रवास आहे. २०२३ मध्ये भारताने चीनला मागे टाकल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रसंघाने वर्तवला. १९५१ च्या सुमारास जन्मलेल्या माणसाने आपल्या एका आयुष्यात देशाची लोकसंख्या चौपट होताना पाहिली आहे. त्याच काळात सरासरी आयुर्मान स्वातंत्र्याच्या वेळच्या सुमारे ३२ वर्षांवरून ७० वर्षांपर्यंत पोहोचले, हे या आकड्यासोबत सांगितले पाहिजे. ते सहसा सांगितले जात नाही.

एका स्त्रीस तिच्या आयुष्यात सरासरी किती अपत्ये होतील, हे दर्शविणाऱ्या संख्येस ‘एकूण जननदर’ म्हणतात. हा दर सुमारे २.१ असेल तर एक पिढी आपल्या जागी तेवढीच पिढी ठेवते. त्यास प्रतिस्थापन पातळी असे नाव आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारताचा एकूण जननदर १९९२-९३ मध्ये ३.४ होता, तो २०१९-२१ मध्ये २.० झाला. महाराष्ट्रात तो १.७, गोव्यात १.३, तर बिहारमध्ये ३.० इतका आढळला.

जननदर प्रतिस्थापन पातळीखाली गेल्यावरही लोकसंख्या वाढत का राहते, हा विद्यार्थ्यांना हमखास पडणारा प्रश्न आहे. त्याचे उत्तर वयोरचनेत आहे. मागील पिढ्यांत जन्मलेल्या मोठ्या संख्येतील मुली आज प्रजननक्षम वयात आहेत. प्रत्येकीला दोनच अपत्ये झाली तरी जन्मांची एकूण संख्या मृत्यूंपेक्षा अधिक राहते. चालत्या आगगाडीचा ब्रेक दाबल्यावरही ती काही अंतर पुढे जातेच, त्यासारखे हे आहे. लोकसंख्याशास्त्रात यास ‘लोकसंख्येचा संवेग’ म्हणतात. भारताची पुढील तीन-चार दशकांतील वाढ बहुतांशी या संवेगाची असेल.

पर्यावरणीय भाराचे मोजमाप

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी पॉल एर्लिक आणि जॉन होल्ड्रेन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी पर्यावरणावरील परिणाम तीन घटकांच्या गुणाकाराच्या रूपात मांडला: लोकसंख्या, दरडोई उपभोग आणि त्या उपभोगासाठी वापरलेले तंत्रज्ञान. हे सूत्र ढोबळ आहे, कारण तिन्ही घटक परस्परांवर परिणाम करतात. तरीही त्याचा एक मोठा उपयोग होतो. एखाद्या हानीस यांपैकी कोणता घटक मुख्यतः जबाबदार आहे, असा प्रश्न विचारण्याची शिस्त त्यामुळे लागते.

कार्बन डायऑक्साइडचे उदाहरण घेता येईल. औद्योगिक क्रांतीपूर्वी वातावरणातील त्याचे प्रमाण दहा लक्ष भागांत सुमारे २८० भाग होते, ते आता ४२० च्या वर आहे. जीवाश्म इंधनापासून होणारे वार्षिक दरडोई उत्सर्जन भारतात सुमारे २ टन, जगाच्या सरासरीने ४.५ टनांहून अधिक, चीनमध्ये सुमारे ८ टन आणि अमेरिकेत १४ टनांच्या आसपास आहे. म्हणजे उत्सर्जनाच्या हिशेबात एक अमेरिकी नागरिक सहा-सात भारतीयांच्या बरोबरीचा ठरतो. जगातील सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोक एकूण उत्सर्जनाच्या जवळजवळ निम्म्या वाट्यास कारणीभूत आहेत, असे या विषयावरील अभ्यास दाखवतात. ज्या देशांत जन्मदर सर्वाधिक आहे, त्या नायजर किंवा चाडसारख्या देशांचे दरडोई उत्सर्जन जवळजवळ नगण्य आहे. हवामानबदलाची आजवरची जबाबदारी जन्मदराच्या नकाशावर शोधू गेल्यास उत्तर चुकते.

मात्र याच युक्तिवादाची दुसरी बाजूही आहे. अन्न आणि पिण्याचे पाणी या गोष्टींचा दरडोई वापर एका मर्यादेखाली आणता येत नाही. तेथे संख्येला स्वतःचे वजन असते.

जमीन व अन्न

पृथ्वीवरील राहण्यायोग्य जमिनीपैकी जवळजवळ निम्मी जमीन आज शेती व पशुपालनाखाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनुसार १९९० पासून जगभरात सुमारे ४२ कोटी हेक्टर वनक्षेत्र तोडून इतर वापराखाली आणले गेले. त्याचे प्रमुख कारण शेतीचा विस्तार हे आहे.

भारतात लागवडीचे निव्वळ क्षेत्र १९५०-५१ मध्ये सुमारे ११.९ कोटी हेक्टर होते. ते पुढे १४ कोटींच्या आसपास जाऊन स्थिरावले आणि १९७० पासून त्यात लक्षणीय भर पडलेली नाही. माणशी हिशेब केला तर १९५१ मध्ये सुमारे ०.३३ हेक्टर असलेली लागवडीची जमीन २०११ मध्ये ०.१२ हेक्टरांवर आली. वहिवाटीखालील सरासरी धारणक्षेत्रही १९७०-७१ मधील २.२८ हेक्टरांवरून २०१५-१६ मध्ये १.०८ हेक्टर झाले. असे असूनही अन्नधान्याचे उत्पादन १९५०-५१ मधील ५ कोटी टनांवरून २०२२-२३ मध्ये जवळजवळ ३३ कोटी टनांवर पोहोचले. लोकसंख्या चौपट होत असताना धान्य साडेसहापट झाले.

ही किमया संकरित व सुधारित बियाणे, सिंचन आणि रासायनिक खते यांची आहे. हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया तयार करण्याची पद्धत जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये दाखवून दिली व कार्ल बॉश यांनी ती १९१३ पासून कारखान्यात उतरवली. आजच्या मानवजातीपैकी जवळजवळ निम्म्या लोकांचे अन्न या एका प्रक्रियेवर उभे आहे, असे मानले जाते. किंमत मात्र जमिनीने व पाण्याने मोजली. पिकाने न शोषलेले नत्र विहिरींत नायट्रेटच्या रूपाने आणि तलावांत शेवाळाच्या रूपाने दिसते. पंजाबात दरवर्षी भूगर्भात जेवढे पाणी मुरते, त्याच्या दीडपटीहून अधिक उपसले जाते. देशाच्या धान्यकोठाराचा आधार असलेला हा प्रदेश आपले भूजल संपवून इतरांना जेवू घालत आहे.

पाणी

भारतातील दरडोई वार्षिक पाणी-उपलब्धता १९५१ मध्ये ५,१७७ घनमीटर होती, ती २०११ मध्ये १,५४५ घनमीटर झाली. १,७०० घनमीटरांखालील स्थितीस ‘जलताण’ म्हणतात. पाऊस तेवढाच, वाटेकरी वाढले, असा या घटीचा सरळ अर्थ आहे. येथे संख्येचा परिणाम नाकारता येत नाही.

पण सरासरीवरून स्थानिक टंचाईचे कारण कळत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवावे लागले. लातूरची लोकवस्ती महाराष्ट्रातील सर्वांत दाट नव्हे. लागोपाठच्या अवर्षणाबरोबरच मांजरा खोऱ्यातील ऊसशेती व साखर कारखाने आणि शेकडो फूट खोल गेलेल्या विंधन विहिरी यांची चर्चा त्या काळी झाली, ती योग्यच होती. भारतात उपसल्या जाणाऱ्या भूजलापैकी जवळजवळ नऊ-दशांश पाणी शेतीला जाते; पिण्यासाठी व घरगुती वापरासाठी लागणारे पाणी त्यामानाने थोडे असते. कोणते पीक कोठे घ्यायचे, हा निर्णय लोकसंख्येने घेतलेला नसतो.

मुंबईचा पाणीपुरवठा: एक उदाहरण

संख्या, उपभोग आणि वाटप हे तिन्ही धागे एकाच ठिकाणी पाहायचे असल्यास मुंबईच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास उपयुक्त ठरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईकर विहिरी व तलावांच्या पाण्यावर राहत. गिरणगाव अजून उभे राहायचे होते, तरी व्यापारामुळे वस्ती वाढत होती व उन्हाळ्यात पाणी पुरेनासे झाले होते. त्यावर उपाय म्हणून साष्टी बेटावरील मिठी नदीच्या उगमभागात विहार तलाव बांधण्यात आला. १८६० मध्ये तेथील पाणी शहरात आले. चारच वर्षांनी झालेल्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आलेल्या कापसाच्या तेजीचा तो काळ होता. विहार अपुरा पडला म्हणून १८७९ मध्ये तुळशी, तोही अपुरा पडला म्हणून १८९२ मध्ये तानसा. तानसाबरोबर शहर पाण्यासाठी प्रथमच आपल्या परिसराबाहेर, दूरच्या शहापूरच्या जंगलापर्यंत गेले. स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये वैतरणा नदीवर मोडक सागर झाला. मुंबई महापालिकेचे अभियंता ना. वि. मोडक यांचे नाव त्याला दिलेले आहे. १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा, १९८० च्या दशकात भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा अशी भर पडत गेली. आज या सात जलाशयांतून शहराला दररोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळते. त्यांपैकी विहार व तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत असून त्यांचा वाटा अगदी अल्प आहे.

बृहन्मुंबईची लोकसंख्या १९५१ मध्ये सुमारे ३० लाख, १९८१ मध्ये ८२ लाख, २००१ मध्ये १.२० कोटी आणि २०११ मध्ये १.२४ कोटी होती. या आकड्यांतील अखेरचे दशक विशेष पाहण्यासारखे आहे. दहा वर्षांत शहर अवघे चार टक्क्यांच्या आसपास वाढले आणि दक्षिणेकडील मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या तर घटली. त्याच दशकात तत्कालीन ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. वाढ थांबली नव्हती. ती वसई-विरार, मिरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई येथे सरकली होती. दुसऱ्या टोकाला रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांची लोकसंख्या या दशकात कमी झाली. कोकणातला चाकरमानी मुंबईला येण्याची परंपरा जुनी आहे. आता तो परळ-लालबागऐवजी विरार-नालासोपाऱ्यात उतरतो, एवढाच फरक.

पुरवठ्याच्या वाटपात मोठी विषमता आहे. महापालिकेच्या नियोजनात दीर्घकाळ इमारतींतील रहिवाशांसाठी माणशी दररोज १३५ लिटर, तर झोपडपट्टीतील रहिवाशांसाठी ४५ लिटर हे प्रमाण धरलेले होते. २०११ च्या जनगणनेनुसार शहरातील ४० टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. विशिष्ट तारखेनंतर उभ्या राहिलेल्या वस्त्यांना नळजोडणीच मिळत नसे. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून अशा वस्त्यांनाही पाणी देण्याचा आदेश दिला. शहराच्या दाटीचे प्रतीक म्हणून ज्या धारावीसारख्या वस्त्यांची छायाचित्रे पाठ्यपुस्तकांत छापली जातात, तेथील माणूस पाण्याचा सर्वांत काटकसरी वापरकर्ता आहे.

धरणांच्या बाजूचे चित्र आणखी वेगळे आहे. तानसा, भातसा, मोडक सागर व मध्य वैतरणा ज्या शहापूर, वाडा आणि मोखाडा तालुक्यांच्या परिसरात आहेत, तेथील अनेक आदिवासी पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण या भागाविषयीच्या बातम्यांत वर्षानुवर्षे येते. जमीन बेसाल्टची, उतार तीव्र, पाऊस अडीच हजार मिलिमीटर असला तरी तो वाहून जातो. पाणी वर चढवण्याच्या योजना थोड्या व विखुरलेल्या. पाड्यांतील लोकसंख्या कमी असल्यानेच योजना ‘परवडत नाही’, असे होते. म्हणजे एकाच खोऱ्यात शहर माणसे फार म्हणून पाणी मागते, आणि पाडा माणसे थोडी म्हणून पाण्यावाचून राहतो. पुढील टप्पा म्हणून गारगाई नदीवर प्रस्तावित असलेल्या धरणासाठी तानसा अभयारण्यातील वनक्षेत्र पाण्याखाली जाणार असल्याने त्यास विरोध झाला आहे. समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प मनोरी येथे उभारण्याचा प्रस्तावही पुढे आला. त्यात जंगल वाचते, वीज मात्र मोठ्या प्रमाणावर लागते.

जैवविविधता

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार पृथ्वीवरील सर्व सस्तन प्राण्यांच्या एकूण वजनापैकी सुमारे ६० टक्के वजन पाळीव जनावरांचे, ३६ टक्के माणसांचे आणि केवळ ४ टक्के वन्य प्राण्यांचे आहे. जैवविविधतेसंबंधीच्या आंतरशासकीय मंचाने २०१९ मध्ये सुमारे दहा लाख प्रजाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे सांगितले. अधिवास नष्ट होणे हे त्याचे पहिले कारण आहे, आणि अधिवास प्रामुख्याने शेती, वस्ती व रस्ते यांखाली जातो.

महाराष्ट्रातील माळढोक पक्षी हे याचे ठळक उदाहरण होय. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरात त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले. माळरान हे स्वतंत्र व समृद्ध परिसंस्था असूनही महसुली भाषेत ती ‘पडीक’ जमीन ठरते. सिंचन आले तशी माळराने उसाखाली, फळबागांखाली, वृक्षारोपणाखाली गेली, आणि माळढोक राज्यातून जवळजवळ दिसेनासा झाला. वृक्षारोपणानेही पर्यावरणाची हानी होऊ शकते, हे पर्यावरणदिनाच्या भाषणात सहसा ऐकायला मिळत नाही.

गिधाडांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. १९९० च्या दशकात भारतातील गिधाडांची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली. तेव्हा वाढती वस्ती, तोडली गेलेली उंच झाडे अशी अनेक कारणे सांगितली गेली. शोधाअंती निघाले ते जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध. मृत गुरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जाई व त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी या औषधावर बंदी घालण्यात आली. एका पर्यायी औषधाने जे टळले असते, ते लोकसंख्यानियंत्रणाने टळले नसते.

विचारप्रवाह व वाद

लोकसंख्या व साधनसामग्री यांच्या संबंधाची आधुनिक चर्चा इंग्लंडमधील टॉमस माल्थस यांच्या १७९८ मधील निबंधापासून सुरू झाली. लोकसंख्या गुणोत्तर श्रेणीने व अन्न केवळ गणितश्रेणीने वाढते, म्हणून दुष्काळ, रोगराई व युद्ध हे संख्येला आवर घालतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढील दोन शतकांत अन्नोत्पादन त्यांच्या श्रेणीत बसले नाही. डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्तेर बोसेरूप यांनी १९६५ मध्ये नेमकी उलट मांडणी केली: लोकसंख्येचा दाब वाढला की माणूस शेतीची अधिक सघन तंत्रे शोधतो.

१९६८ मध्ये पॉल एर्लिक यांचे ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ प्रसिद्ध झाले. १९७० च्या दशकात कोट्यवधी माणसे उपासमारीने मरतील, हे त्यातील भाकीत खरे ठरले नाही. पुस्तकाच्या आरंभी दिल्लीतील गर्दीच्या एका रात्रीचे वर्णन येते. त्या काळी पॅरिस महानगराची लोकसंख्या दिल्लीपेक्षा कितीतरी अधिक होती; पण पॅरिसची गर्दी कोणाला भयप्रद वाटली नाही, याकडे टीकाकारांनी लक्ष वेधले आहे. अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी १९८० मध्ये एर्लिक यांच्याशी पाच धातूंच्या किमतींवर पैज लावली. १९९० पर्यंत किमती वाढतील असे एर्लिक यांचे म्हणणे होते. त्या उतरल्या व सायमन जिंकले. मात्र धातूंना बाजार असतो. टंचाई होताच भाव वाढतो, पर्याय शोधला जातो. नदीला, गिधाडाला किंवा वातावरणाला असा भाव नसल्याने तेथे ही पैज लागू पडत नाही.

महाराष्ट्रात या विषयाला वेगळे वळण दिले ते रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. त्यांनी १९२१ मध्ये, म्हणजे योगायोगाने त्या ‘महाविभाजन वर्षात’च, मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले व त्यातील लेखनासाठी अश्लीलतेचे खटलेही सोसले. त्यांच्या मांडणीत देशाच्या आकड्यांपेक्षा स्त्रीचे आरोग्य आणि तिचा स्वतःच्या शरीरावरील अधिकार यांना अधिक स्थान होते. जननदर का उतरतो, याबद्दल आज जे निष्कर्ष मान्य झाले आहेत, त्यांच्या हे विचार माल्थसपेक्षा अधिक जवळचे आहेत.

शासकीय धोरणे

कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू करणारा भारत हा जगातील पहिला देश मानला जातो. लाल त्रिकोण व दोन मुलांच्या कुटुंबाचे चित्र गावोगावच्या भिंतींवर रंगले. १९७४ मध्ये बुखारेस्ट येथील जागतिक लोकसंख्या परिषदेत भारताने विकास हाच संततिनियमनाचा उत्तम मार्ग असल्याची भूमिका घेतली. त्यानंतर दोनच वर्षांनी, आणीबाणीच्या काळात, नेमकी उलट वाट धरली गेली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना ‘केसेस’चे उद्दिष्ट ठरवून देण्यात आले. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक संमतही केले. त्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही. या काळाने कार्यक्रमावरील लोकांचा विश्वास उडाला. त्यानंतर शस्त्रक्रियेचा भार जवळजवळ संपूर्णपणे स्त्रियांवर आला. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. पतीची शस्त्रक्रिया झाल्याचे प्रमाण ०.३ टक्के होते.

१९९४ मध्ये कैरो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने संख्येच्या उद्दिष्टांऐवजी प्रजनन आरोग्य व स्त्रियांचे हक्क यांवर भर दिला आणि भारताच्या २००० मधील राष्ट्रीय लोकसंख्या धोरणानेही सक्तीचा मार्ग नाकारला. महाराष्ट्रात मात्र दोनहून अधिक अपत्ये असलेल्यांना स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीस अपात्र ठरवणारी तरतूद लागू झाली व शासकीय नोकरीसाठी २००५ मध्ये लहान कुटुंबाचे नियम आले. केरळमध्ये अशी बंधने नसतानाही जननदर देशात सर्वप्रथम उतरला. मुलींचे शिक्षण, उशिरा विवाह आणि कमी बालमृत्यू ही त्याची कारणे सर्वमान्य आहेत. जेथे मुलींचे शिक्षण मागे राहिले, त्या राज्यांत आणि राज्यांतर्गत त्या जिल्ह्यांत जननदर अधिक आहे. धर्म किंवा जात यांनुसार दिसणारे फरकही काळानुसार आटत चालले आहेत.

देशाची २०२१ मध्ये होणारी जनगणना कोविड साथीमुळे पुढे ढकलण्यात आली. त्यामुळे २०११ नंतरचे भारताचे सर्व लोकसंख्याविषयक आकडे हे अंदाज अथवा नमुना सर्वेक्षणांवर आधारित आहेत. शहरांच्या पाणीपुरवठ्यापासून शिधावाटपापर्यंतचे नियोजन अद्याप २०११ च्या पायावरच केले जाते. पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक देशाच्या बहुतांश भागांसाठी १ मार्च २०२७ असा ठरवण्यात आला आहे.